मदत शोधायची कोणी?

अर्जाच्या चौथ्या पानावर वडिलांच्या उत्पन्नाचा रकाना होता आणि ती मुलगी तिथे येऊन थांबली होती. वडील घर सोडून गेले त्याला सात वर्षे झाली होती. ते कुठे राहतात, काय कमावतात, हे तिलाही ठाऊक नव्हते आणि तिच्या आईलाही. रकाना रिकामा ठेवला की पान पुढे सरकत नव्हते, शून्य लिहिले की त्याचा दाखला जोडा अशी लाल अक्षरांतली ओळ उमटत होती, आणि वडील हयात नाहीत हा पर्याय निवडला की मृत्यूचा दाखला मागितला जात होता. महाविद्यालयाच्या फीसाठी आर्थिक मदत मिळवू पाहणाऱ्या मुलांना अर्ज भरून देण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, त्या काळातला हा प्रसंग. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्यावर तिने मला विचारले, "मग खोटं लिहू का?" तिचे गुण चांगले होते, घरात आई एकटी कमावती होती, आणि ही मदत ज्यांच्यासाठी राखून ठेवलेली असते त्यांच्यात ती नेमकी बसत होती. तरीही तो अर्ज त्या दिवशी पुरा झाला नाही.

उच्च शिक्षणाच्या आर्थिक मदतीविषयी जी चर्चा चालते ती बहुतेक वेळा रकमेभोवती फिरते. शिष्यवृत्त्या किती, फी माफीची तरतूद किती, शैक्षणिक कर्जावर व्याज किती, असे प्रश्न विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. पण मदत उपलब्ध असणे आणि ती गरजू मुलाच्या हाती पडणे यांच्यामध्ये जे अंतर असते, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. ते अंतर कापण्याची सगळी जबाबदारी आपण सतरा-अठरा वर्षांच्या मुलांवर टाकली आहे. योजना त्यांनी शोधायची, पात्रतेच्या अटी त्यांनी समजून घ्यायच्या, दाखले त्यांनी गोळा करायचे, मुदत त्यांनी सांभाळायची, आणि अर्ज त्रुटीत निघाला तर धावपळही त्यांनीच करायची. मला असे ठामपणे वाटते की ही वाटणी मुळातच चुकीची आहे. मदत शोधण्याचे काम हीसुद्धा एक फी आहे. ती वेळेच्या, प्रवासखर्चाच्या आणि बुडालेल्या रोजगाराच्या रूपाने भरावी लागते, आणि ज्याच्याजवळ या तिन्ही गोष्टी कमी आहेत त्याच्यावरच ती सर्वांत जड पडते.

या म्हणण्याला भक्कम आधार आहे. अमेरिकेत सरकारी मदतीसाठी एकच सामाईक अर्ज भरावा लागतो, आणि अनेक वर्षे त्यात शंभराहून अधिक प्रश्न होते. २००८ मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी ओहायो राज्यात आणि नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरात एक प्रयोग केला. एच अँड आर ब्लॉक या करसल्लागार कंपनीच्या कार्यालयांत कमी उत्पन्नाची कुटुंबे आपले करविवरण भरायला येत असत. विवरणासाठी दिलेलीच माहिती वापरून तिथल्या कर्मचाऱ्यांनी काही कुटुंबांच्या मदतीच्या अर्जाचा मोठा भाग भरून दिला, उरलेले प्रश्न विचारून घेतले आणि किती मदत मिळू शकेल याचा अंदाज सांगितला. या सगळ्याला दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागत असे. दुसऱ्या काही कुटुंबांना फक्त मदतीच्या अंदाजाची माहिती दिली आणि अर्ज भरा असा सल्ला दिला. ज्यांचा अर्ज भरून दिला गेला होता त्या घरांतील शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी ३६ टक्के मुलांनी पुढे महाविद्यालयाची सलग दोन वर्षे पूर्ण केली, तर ज्यांना कोणतेही साहाय्य दिले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण २८ टक्के होते. ज्यांना नुसती माहिती मिळाली त्यांच्यावर काहीच परिणाम दिसला नाही. मला यातला शेवटचा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक उपायांचा भर माहितीवर असतो. पत्रके छापली जातात, मार्गदर्शन शिबिरे भरतात, संकेतस्थळावर आणखी एक दुवा वाढतो आणि काम झाले असे समजले जाते. शेजारी बसून अर्ज भरून देण्याची सोय मात्र फारच थोड्या ठिकाणी असते.

दुसरा दाखला मिशिगन विद्यापीठाचा आहे. २०१५ मध्ये विद्यापीठाने राज्यातील कमी उत्पन्नाच्या, पण उत्तम गुण असलेल्या मुलांपैकी काहींना त्यांच्या नावाने एक पत्र पाठवले. प्रवेश मिळाला तर चार वर्षांची शिक्षणाची फी पूर्ण माफ, आणि त्यासाठी मदतीचे वेगळे अर्ज किंवा उत्पन्नाचे पुरावे लागणार नाहीत, असे वचन त्यात होते. खरे पाहता या मुलांपैकी बहुतेकांना नेहमीच्या मार्गाने अर्ज केला असता तरी जवळपास तेवढीच मदत मिळाली असती, त्यामुळे विद्यापीठाच्या तिजोरीवर फारसा नवा बोजा पडणार नव्हता. फरक होता तो क्रमाचा आणि खात्रीचा. पत्र मिळालेल्या मुलांपैकी ६८ टक्के मुलांनी प्रवेशासाठी अर्ज केला. पत्र न मिळालेल्या तशाच मुलांत हे प्रमाण २६ टक्के होते. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. जे आधीपासून मिळणारच होते ते वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत सांगितल्यामुळे एवढा बदल झाला.

क्रमाचा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा. कोणत्याही महाविद्यालयाविषयी घरात पहिल्यांदा कळते ती त्याची छापील फी. ती ऐकल्यावर ज्या घराजवळ पैसा आहे ते घर पुढची चौकशी करते, आणि ज्या घराजवळ नाही ते तिथेच विषय संपवते. मदत किती मिळेल, हे मात्र अर्ज, छाननी, प्रवेश आणि पुन्हा छाननी एवढे सगळे झाल्यानंतर, अनेकदा वर्ग सुरू होण्याच्या तोंडावर किंवा त्याही नंतर समजते. म्हणजे शिकायचे की नाही हा निर्णय घेताना कुटुंबासमोर फक्त खर्चाचा आकडा असतो आणि मदतीचा आकडा अंधारात असतो. अशा वेळी आईवडिलांनी माघार घेतली तर त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. उद्या काम मिळेल की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसाने अनिश्चित रकमेच्या भरवशावर तीन-चार वर्षांचा खर्च अंगावर घेऊ नये, हा शहाणपणाच आहे. अनिश्चितता त्याच्या डोक्यावरून उतरवणे हे व्यवस्थेचे काम होते, आणि तिने ते केलेले नाही.

मदत मंजूर झाली तरी ती नेमकी काय आहे हे कळणे हा पुढचा अडथळा. महाविद्यालये मदतीचे जे पत्र देतात त्यात शिष्यवृत्ती, फी सवलत, आवारातले अर्धवेळ काम आणि कर्ज या चारही गोष्टी बऱ्याचदा एकाच यादीत असतात आणि खाली त्यांची एकच बेरीज असते. यांपैकी पहिल्या दोन परत कराव्या लागत नाहीत, तिसरी घाम गाळून मिळवावी लागते आणि चौथी व्याजासह फेडावी लागते. या चार गोष्टींची बेरीज करून तिला मदत म्हणणे ही माझ्या मते दिशाभूल आहे, मग ती जाणूनबुजून केलेली असो वा नसो. अमेरिकेतील न्यू अमेरिका आणि यूआस्पायर या दोन संस्थांनी २०१८ मध्ये अशी हजारो पत्रे तपासली. तेथील एकाच प्रकारच्या सरकारी कर्जासाठी ४५५ महाविद्यालयांच्या पत्रांत १३६ वेगवेगळी नावे वापरलेली आढळली, आणि त्यांतल्या २४ नावांत कर्ज हा शब्दच नव्हता. त्याच देशाच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार सुमारे ९१ टक्के महाविद्यालये कुटुंबाला प्रत्यक्षात किती खर्च येईल हे पत्रात एक तर सांगतच नव्हती किंवा तो आहे त्यापेक्षा कमी दाखवत होती. कागद वाचण्याची सवय असलेला सुशिक्षित पालकही अशा पत्रापुढे गोंधळतो. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने ते कसे उलगडावे?

कर्जाला माझा सरसकट विरोध नाही. पुढे चांगली मिळकत होणार असेल तर शिक्षणाच्या खर्चाचा काही भाग नंतर फेडणे न्याय्य आहे, आणि गरिबांच्या करातून श्रीमंतांच्या मुलांचे शिक्षण सरसकट फुकट करण्यापेक्षा ते अधिक योग्यही ठरू शकते. प्रश्न आहे तो परतफेडीच्या रचनेचा. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये फीचा काही भाग विद्यार्थ्यांकडून घ्यायला सुरुवात केली तेव्हा शिकताना काहीही भरण्याची सक्ती ठेवली नाही; नोकरी लागून उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की करासोबत थोडी थोडी रक्कम कापली जाते, आणि नोकरी गेली की कपातही थांबते. जामीनदार लागत नाही, बँकेचा माणूस दारात येत नाही. जर्मनीत १९७१ पासून चालू असलेल्या सरकारी साहाय्यात अर्धी रक्कम अनुदान आणि अर्धी बिनव्याजी कर्ज असते, आणि परतफेडीला १०,०१० युरोंची कमाल मर्यादा आहे; म्हणजे कितीही वर्षे शिकले तरी जास्तीत जास्त किती फेडावे लागेल हे पहिल्या दिवशीच ठाऊक असते. याउलट उत्पन्न असो वा नसो, ठरलेला मासिक हप्ता मागणारे कर्ज हे मुलाच्या पहिल्या नोकरीची निवड, लग्न, घर, आजारी आईवडिलांची जबाबदारी या सगळ्यांवर सावट टाकते. अमेरिकेत असे सरकारी शैक्षणिक कर्ज आज चार कोटींहून अधिक लोकांच्या नावावर असून त्याची एकूण रक्कम १.६ लाख कोटी डॉलरच्या घरात आहे. या रकमेतला मोठा भाग कधी ना कधी एखाद्या पत्रात मदत या शीर्षकाखाली छापला गेला होता, हे विसरता कामा नये.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अर्ज सोपा केला आणि मदत मागण्याआधीच देऊ केली तर अपात्र लोक घुसतील, सार्वजनिक पैशाचा अपव्यय होईल, म्हणून कसून पडताळणी हवी. सार्वजनिक पैशाची काळजी मलाही आहे. पण उत्पन्नाची पडताळणी करायची असेल तर ती माहिती जिथे आधीच नोंदलेली आहे तिथून घ्यावी. बहुतेक देशांत करखात्याकडे, कल्याणकारी योजनांच्या नोंदींत आणि शाळांच्या दप्तरांत ही माहिती पडून असते. एका सरकारी खिडकीवरून दाखला घेऊन तो दुसऱ्या सरकारी खिडकीवर नेऊन देण्याचे काम मुलाला लावल्याने फसवणूक थांबत नाही. खोटा दाखला मिळवण्याची ज्याची ऐपत आणि ओळख आहे तो ती अट पार करतोच, आणि अडकतो तो खरा गरजू. अमेरिकेने २०१९ मध्ये कायदा करून करखात्यातील माहिती, कुटुंबाच्या संमतीने, थेट मदतीच्या अर्जात घेण्याची वाट मोकळी केली ती याच विचाराने. तिथल्या अनुभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एरवी अर्ज ऑक्टोबरमध्ये खुला होत असे; २०२० च्या कायद्यानुसार सोपा केलेला नवा अर्ज मात्र २०२३ च्या डिसेंबरअखेरीस खुला झाला, त्यात अनेक चुका निघाल्या, काही स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना तो सुरुवातीला भरताच आला नाही आणि महाविद्यालयांपर्यंत माहिती पोहोचायला मार्च उजाडला. सुधारणा करताना यंत्रणा तयार नसेल तर तिची किंमतही गरीब मुलेच मोजतात. म्हणून नवी व्यवस्था पूर्ण तपासून होईपर्यंत जुनी चालू ठेवावी आणि कोणत्याही टप्प्यावर ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस नेमलेला असावा, एवढी काळजी घ्यायलाच हवी.

दुसरा आक्षेप असा की धडपड केल्याने मुलांना मिळालेल्या गोष्टीची किंमत कळते. हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्या घरात पैसा आहे त्या घरातील मुलाला फी भरण्यासाठी कोणतीही धडपड करावी लागत नाही आणि त्याला शिक्षणाची किंमत कळत नाही असे कोणी म्हणत नाही. धडपड अभ्यासासाठी करू द्यावी.

खासगी न्यास, कंपन्या, ज्ञातिसंस्था आणि दानशूर व्यक्ती यांच्या शिष्यवृत्त्यांबद्दल मला आदर आहे. त्यांच्या बळावर शिकलेली माणसे मी पाहिली आहेत. पण या शिष्यवृत्त्या विखुरलेल्या असतात, प्रत्येकीचा अर्ज वेगळा, निबंध वेगळा, शिफारसपत्र वेगळे, आणि त्या शोधून देतो म्हणून मुलांकडूनच पैसे उकळणारे लोक या विखुरलेपणावर जगतात. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मुलाने बाहेरून शिष्यवृत्ती मिळवली की काही महाविद्यालये स्वतः देऊ केलेली मदत तेवढ्याच रकमेने कमी करतात. मुलाने रात्री जागून निबंध लिहिला, दात्याने पैसे दिले, आणि लाभ झाला महाविद्यालयाला. मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये आपल्या सार्वजनिक महाविद्यालयांना अशी कपात करण्यास कायद्याने मनाई केली आणि असे करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य ठरले. दात्यांनीही आपल्या देणगीच्या अटींत हे कलम घालायला हवे. तेवढे त्यांच्या हातात नक्कीच आहे.

मदतीची मुदत शिक्षणाच्या मुदतीएवढी असावी, हा माझ्या दृष्टीने रकमेइतकाच मोठा प्रश्न आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आपल्याला पाठ असते, पण त्यातल्या या बाजूकडे क्वचितच लक्ष जाते. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला. १९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले, अभ्यास सुरू झाला, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे प्रबंध अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊ शकले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. असामान्य बुद्धी आणि असामान्य चिकाटी असलेल्या माणसाची मधली तीन वर्षे मुदतीने घेतली. सामान्य मुलाच्या बाबतीत असा खंड पडला की बहुधा शिक्षणच सुटते. आजही बहुतेक ठिकाणी मदत वर्षावर्षाने मंजूर होते, दरवर्षी अर्ज नव्याने भरावा लागतो, दाखले नव्याने काढावे लागतात आणि पहिल्या वर्षी भरपूर दिलेली सवलत दुसऱ्या वर्षी न सांगता घटते. प्रवेशाच्या वेळीच पूर्ण अभ्यासक्रमाची हमी द्यावी आणि परिस्थितीत मोठा बदल झाला तरच फेरतपासणी व्हावी, ही मागणी मुळीच अवाजवी नाही.

व्यवस्था बदलेपर्यंत मुलांना आहे त्याच मार्गाने जायचे आहे, म्हणून प्रत्येक मुलाने महाविद्यालयाकडे काही गोष्टींचे उत्तर लेखी मागावे असे मी सांगत आले आहे. राहणे, जेवण, पुस्तके आणि प्रवास धरून वर्षाचा एकूण खर्च किती, त्यातून परत न करावी लागणारी मदत वजा केल्यावर खिशातून किती जाणार, ही मदत दुसऱ्या वर्षी कोणत्या अटीवर चालू राहील, आणि पैसे फी भरण्याच्या तारखेआधी येतील की नंतर. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मंजूर झालेली रक्कम दुसऱ्या सत्रात खात्यावर आल्यामुळे पहिल्या सत्राची फी सावकाराकडून आणलेली घरे मला माहीत आहेत. घरातील कमावता माणूस गेला किंवा त्याची नोकरी सुटली तर मदतीचा फेरविचार करून घेता येतो, हेही अनेक ठिकाणच्या नियमांत असते; तो मागावा लागतो, आपणहून कोणी करत नाही.

त्या मुलीच्या अर्जाचे पुढे काय झाले ते सांगते. आम्ही त्या कार्यालयात दोनदा जाऊन आलो आणि दोन्ही वेळा वडिलांचा दाखला आणा एवढेच उत्तर मिळाले. मुदत संपायला एक दिवस उरला असताना तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा नेहमीच्या कर्मचारी रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी बसलेल्या वयस्कर बाईंनी सगळे ऐकून घेऊन टेबलाच्या खालच्या खणातून एक छापील नमुना काढला. वडील कुटुंबासोबत राहत नसतील तर आईचे निवेदन आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र पुरेसे आहे, असे त्यावर दोन ओळींत लिहिले होते. नमुना बराच जुना होता, त्याच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि खणात त्याचा जाडजूड गठ्ठा न वापरलेला पडून होता. मुलीने आईला फोन लावला आणि कामावरून निघून लगेच शाळेत जायला सांगितले.